झाकण लावून काढलेली छायाचित्रे

शनिवार, ६ जानेवारी २००७

जावईबापू श्री. धनराज यांनी त्यांच्या कारखान्यात मिळालेली ही नव्या वर्षाची दैनंदिनी मला दिली. 'रोजच्या कामाचे आकडे लिहून ठेवा, मामा,' एवढेच ते म्हणाले. परंतु नुसते आकडे लिहिणे मला प्रशस्त वाटत नाही. मी हयातभर पाटबंधारे खात्यात पाटकरी होतो. कोणत्या शेताच्या पाळीला कालव्याचे पाणी केव्हा सोडावयाचे, हे माझ्या हातात असे. पाळी सोडून थेंबभर पाणी मी सख्ख्या मेहुण्यालाही दिले नाही. शिक्षण इयत्ता चौथी. अक्षर मात्र साहेब लोक दाखवीत असत.

कामाचे स्वरूप असे. मृग नक्षत्राच्या पोटात जे तीन तारे ओळीने आहेत, ज्यांस आमच्या सायखेड्यात तिकांडे म्हणतात, त्यांच्याखाली एक अंधुक ठिपका आहे. जावईबापूंच्या मते तो तेजोमेघ आहे व त्याचे रंगीत छायाचित्र निघू शकते; मात्र एका रात्रीत व एका छायाचित्रात नव्हे.

"मामा, एका फोटोत निम्मा कचराच असतो," ते म्हणाले. "पण कचरा दर फोटोत वेगळ्या जागी पडतो, अन् तारा जागचा हलत नाही. चार-पाच रात्रींचे फोटो कॉम्प्युटरवर एकावर एक रचले, की कचरा कचऱ्याला खातो. तारा उरतो."

त्यांची या महिन्यात कारखान्यात दुसरी पाळी आहे आणि ते राहतात त्या शहरातील सिडकोत दिव्यांमुळे आकाश नारिंगी दिसते. आमच्या मळ्यात अंधार भरपूर. म्हणून कॅमेरा व त्यांनी स्वतः बनविलेले यंत्र ते येथे ठेवून गेले. यंत्र म्हणजे बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्या व एक लांब स्क्रू. बिजागरी ध्रुवाकडे रोखावयाची व घड्याळात पाहून स्क्रू मिनिटाला एक फेरा फिरवावयाचा, म्हणजे कॅमेरा ताऱ्यांच्या मागोमाग जातो. जावयाला नाही म्हणता येत नाही. शिवाय कालव्याच्या दाराचा स्क्रू फिरविलेल्या माणसाला हे कठीण नाही.

एक अडचण आहे. संगणक माझ्या लेकीच्या, आशाच्या घरी आहे व तो तिलाच चालविता येतो, म्हणून मला तेथे जावे लागेल. तिच्या लग्नास आठ वर्षे झाली. नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरच्या अन्नपाण्याला हात लावावयाचा नाही, हा आमच्या घराण्याचा नियम. माझ्या वडिलांनी तो पाळला, मीही पाळतो. जाताना फिरकीचा तांब्या व भाकरी सोबत नेतो. आशा प्रत्येक खेपेस पाण्याचा पेला पुढे ठेवते व मी प्रत्येक खेपेस नको म्हणतो. आता हे दोघांच्याही अंगवळणी पडले आहे.

मंगळवार, ९ जानेवारी

कामास प्रारंभ झाला. आमच्या भागात सायंकाळी भारनियमन असते. सारा गाव वीज मंडळाच्या नावाने बोटे मोडतो. मी आज प्रथमच मंडळाचे मनोमन आभार मानले. दिवे गेले आणि आकाश कसे धुऊन काढल्यासारखे झाले.

विजेरीच्या तोंडाला पतंगाचा लाल कागद बांधला होता. आमच्या सौ. झुंबरबाई घोंगडी घेऊन आल्या.

"काय करून ऱ्हायले तुम्ही? लांबून वाटतंय, भगत बसलाय अंगारा काढत."

मी म्हणालो, "बोलू नकोस. सेकंद चुकतील."

"चुकू द्या. पेन्शन थोडंच कापणार हाय कोणी?"

जावईबापूंनी लिहून दिलेल्या टाचणात शेवटी एक चमत्कारिक सूचना आहे. काम संपल्यावर भिंगावर झाकण लावून, तितक्याच वेळेची वीस छायाचित्रे घ्यावीत. झाकण लावल्यावर अंधाराशिवाय काय येणार? सुशिक्षित माणसेही कधी कधी घाईत भलतेच लिहून जातात. जावयाची चूक दाखविणे बरे दिसत नाही. म्हणून ती सूचना मी वगळली.

शुक्रवार, १२ जानेवारी

थंडीची लाट आहे. आकाश काचेसारखे स्वच्छ होते. मी फळ्या मांडून बसलो, तोच शेजारच्या मल्हारीने आपल्या द्राक्षबागेत शेकोट्या पेटविल्या. ओला पाला, भुसा आणि शेणकूट. सगळा धूर मृगावर.

मी बांधावर जाऊन समज दिली. "मल्हारी, तासभर थांब. काम सरकारी नसले तरी महत्त्वाचे आहे."

"पाटकरी, तुझ्या चांदण्यापायी माझे मणी तडकू देऊ का? ती चांदणी उद्या पण उगवंल. माझा घड उगवंल का?"

"चांदणी नव्हे. तेजोमेघ."

"मेघाचं तर नावच काढू नको. औंदा अवकाळीनं मारलंय मला!"

युक्तिवादात तथ्य होते. फळ्या मिटल्या व पाला लोटावयास त्याला थोडी मदत केली. धुराने डोळे चुरचुरत आहेत.

मंगळवार, १६ जानेवारी

सकाळच्या बसने सिडकोत गेलो. चित्रे पाहून मोठीच निराशा झाली. एकेक चित्र म्हणजे काळ्या कपड्यावर सांडलेली रवाळ पिठी. आशाने ती संगणकावर रचली, तेव्हा पिठी खरोखर कमी झाली व तिकांड्याखाली कापसाच्या बोंडासारखे काही उमटले. परंतु सर्वत्र तांबड्या व निळ्या रेघोट्या पसरल्या होत्या.

मी म्हणालो, "आकाशात हे पूर्वी नव्हते."

आशा हसली. "अण्णा, हे आकाशातलं नाहीच. कॅमेऱ्याचं आहे. त्याच्या आत काही ठिपके खराब असतात. त्याला वाटतं, आपल्याला दिसलं. झाकण लावून फोटो काढले ना, की फक्त त्याचे स्वतःचे डाग येतात. मग ते सगळ्यांतून वजा करायचे. ते कुठे आहेत?"

"ते घेतले नाहीत."

"का?"

"मला आवश्यक वाटले नाही."

ती म्हणाली, "बरं. पुढच्या वेळी काढा. थंडी अशीच असली तर या फोटोंनाही ते चालतील."

तिने तिळगूळ दिला. तो कागदात बांधून घेतला व परतताना स्थानकावर एका म्हाताऱ्या बाईला दिला. वाया घालविला नाही. पाण्याचा पेलाही नेहमीप्रमाणे समोर ठेवला होता. दुपारी त्यांच्या इमारतीच्या जिन्यात बसून भाकरी खाल्ली. जिना स्वच्छ आहे व वारा चांगला येतो. खालच्या मजल्यावरील सुवर्णाबाई नावाच्या बाई दोनदा आत-बाहेर झाल्या. चौकस दिसतात.

शुक्रवार, १९ जानेवारी. अमावास्या

आज सर्व काही नियमानुसार केले. शेवटी झाकणही लावले. अंधारात झाकण घातलेल्या कॅमेऱ्यासमोर मी घड्याळ धरून बसलो असताना मल्हारी आला.

"पाटकरी, झाकण काढायचं राहिलं तुझं."

"राहिलेले नाही. मुद्दाम लावले आहे."

"मंग कशाचा फोटो काढतो?"

"कॅमेऱ्याच्या दोषांचा. दोष त्याचे असतात, आणि तो ते आकाशाच्या माथी मारतो."

मल्हारीने वाकून झाकणाकडे पाहिले. "आमच्या थोरल्या भावाचा काढता येईल का असा एक?" एवढे विचारून निघून गेला. अल्पशिक्षित माणसाला हे समजावणे अवघड आहे.

मंगळवार, २३ जानेवारी

तीन रात्रींची चित्रे झाली. उद्या सिडकोत जाणे. सौ. म्हणाल्या, "पोरीकडं दोन घास खाल्ले तर आभाळ कोसळंल का?" मी म्हणालो, नियम म्हणजे नियम. त्या म्हणाल्या, "तुमच्या आईनं माझ्याकडून पहिल्याच दिवशी, मला पोर व्हायच्या आधी, लय पाणी वाहून घेतलं, तवा नव्हता आठवला नियम." याचा येथे काय संबंध, ते कळले नाही.

बुधवार, २४ जानेवारी

आजचा दिवस अर्धा उत्तम व अर्धा अनाकलनीय.

प्रथम उत्तम भाग. आशा एकेक चित्र मोठे करून दाखवी व मी निवाडा देई. तारा लांबट दिसला की बाद. धुराचे बाद. एकात विमान गेले होते, तेही बाद करावे असे मी म्हणालो, तेव्हा ती म्हणाली, "राहू दे ते, अण्णा. बाकीच्या पन्नासांत त्या जागी काही नाही ना? मग मशीन आपोआप त्याला गाळतं." आणि खरोखरच, रचल्यावर विमान नाहीसे झाले. झाकणाची चित्रे वजा करताच रेघोट्याही गेल्या. आम्ही दोघे खुर्च्या जोडून बसलो होतो. लहानपणी ती माझ्याबरोबर कालव्याच्या दारावर येऊन अशीच बसे व पाण्याची उंची मोठ्याने वाचून दाखवी. आज ती चित्राचा क्रमांक वाचत होती व मी 'हं' म्हणत होतो. फार छान काम चालले होते.

आणखी एक समाधानाची गोष्ट. मागील खेपांना तिच्या मेजावर औषधांच्या बाटल्या व इस्पितळाची फाइल असे. आज काहीच नव्हते. प्रकृती सुधारली असावी.

आता दुसरा भाग. दुपारी मी भाकरीचे फडके घेऊन जिन्याकडे निघालो. आशा म्हणाली, "अण्णा, आज आत बसा."

"आत बसून खाणे नियमात बसत नाही."

"भाकरी तुमचीच खा. पाणी तुमचंच प्या. पण आत बसून."

"उंबऱ्याच्या आत पान मांडले की ते त्या घरचे जेवण."

तिचा चेहरा लाल झाला. "सुवर्णाबाईंनी काल मला विचारलं, सुनेनं घराबाहेर काढल्यासारखे तुमचे वडील जिन्यात का जेवतात? काय सांगू मी त्यांना? सांगू, की माझ्या घरचं पाणी विटाळलंय?"

"विटाळाचा प्रश्न नाही. नातवंड होईपर्यंत..."

"माहितीय मला कधीपर्यंत!"

आणि तिने संगणक सरळ बंद केला. "तुमचा फोटो अर्धा झालाय. उरलेला अर्धा, ज्या दिवशी या घरातलं पाणी प्याल त्या दिवशी. हा माझा नियम."

मी टोपी घातली व निघालो. लेकीने बापाला अटी घालाव्यात, हे मी आजवर ऐकले नव्हते. भाकरी बसमध्ये खाल्ली. गचके फार बसतात.

शुक्रवार, २६ जानेवारी

शाळेत ध्वजवंदनास गेलो. विशेष काही नाही. मल्हारीने विचारले, मेघ कुठवर आला. मी म्हणालो, काम तांत्रिक कारणाने थांबले आहे.

बुधवार, ३१ जानेवारी

अडून राहणे माझ्या स्वभावात नाही. कॅमेऱ्यातील चित्रे साठविणारी पत्ती घेऊन निफाडला एका फोटोवाल्याकडे गेलो. त्याने संगणकावर एक चित्र उघडले, मान वाकडी केली व म्हणाला, "बाबा, फोटो जळाला की हो. सगळा काळा."

"तो काळाच असतो. असे पन्नास एकावर एक रचावयाचे आहेत."

"पन्नास? एकच काढा ना, चांगल्या उजेडात!" मग त्याला दया आली असावी. "तुम्ही असं करा, स्टुलावर बसा. मी मागं काश्मीर लावून देतो. नाहीतर चंद्र लावतो. चंद्र लई जातो."

चंद्र नको म्हणून बाहेर पडलो. मग कॅमेऱ्याच्या दुकानात विचारले, कापडाच्या दुकानात संगणक आहे असे कळल्याने तेथेही भाच्याच्या ओळखीने विचारले. रचण्याचे काम कोणालाच ठाऊक नाही. आमच्या जिल्ह्यात ते एकट्या आशाला येते. ही गोष्ट मी परतताना दोघा-तिघांना सांगितली.

रविवार, ११ फेब्रुवारी

जावईबापू मोटारसायकलवरून आले. ओट्यावर बसले. चहा घेतला नाही, नुसता हातात धरला.

"मामा, फळ्या घेऊन जातो. आशा म्हणते, आता पुरे."

मला वाईट वाटले. पण जावयासमोर ते दाखविणे योग्य नव्हे. वातावरण हलके व्हावे म्हणून मी म्हणालो, "एक मात्र बरे झाले. तिची औषधे बंद झालेली पाहिली. फार समाधान वाटले."

जावईबापूंनी मान खाली घातली. "हो मामा. बंद केली," एवढेच म्हणाले व फळ्या न घेताच उठले. चहा तसाच राहिला.

ते दिसेनासे होताच सौ. माझ्यावर कडाडल्या.

"अहो, कुणाला काय बोलता? डोळे हायेत का भोकं?"

"मी चांगल्या हेतूने..."

"ती दुखण्याची औषधं होती का? सहा वर्सं पोरगी सुया टोचून घेत होती, मूल व्हावं म्हणून. संक्रांत झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, आता उगा शरीर झिजवू नका. नाय होणार. त्या दोघांनी रडून घेतलं, पुसून घेतलं अन् बंद केली औषधं. तुम्हाला सांगायची कुणाची छाती? तुम्ही तांब्या घेऊन जिन्यात बसणारे!"

मी विचारले, "तुला केव्हा कळले?"

"तिनं फोन केला तवाच. अन् आता मला एक सांगा, पाटकरी. तुमचा तो नियम आता कधी सरायचा?"

मी जावईबापूंचा चहा मोरीत ओतला व कप विसळून ठेवला. 

मंगळवार, १३ फेब्रुवारी

दोन दिवस अन्न गोड लागत नाही.

खात्यात असताना टंचाईच्या वर्षी लोक दारावर येऊन शिव्या देत. मी त्यांना पाळीचा तक्ता दाखवीत असे. तुमचे पाणी अमुक तारखेस, तोवर थांबा. तक्ता पाहिला की लोक गप्प बसत, कारण तारीख लिहिलेली असे. ज्या पाळीला तारीखच नाही, तिला आम्ही पाळी म्हणत नव्हतो. तिला पाट बंद केला असे म्हणत.

वडील हयात असते तर विचारले असते. परंतु त्यांच्या पाचही लेकींना मुले झाली. त्यांच्यावर ही वेळ कधी आलीच नाही.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी. महाशिवरात्र

उपवास. सायंकाळी फळ्या मांडल्या. सौ. म्हणाल्या, "चित्र तर बंद पडलं ना?" मी म्हणालो, एक रात्र कमी पडत होती. त्या घोंगडी घेऊन आल्या व शेजारी बसल्या. सेकंद मोठ्याने मोजण्याचे काम त्यांनी केले. त्या चाळीसनंतर थेट पन्नास म्हणतात, म्हणून पहिली काही चित्रे बाद होतील. नंतर मी घड्याळात पाहिले व त्यांना मोजू दिले.

शनिवार, १७ फेब्रुवारी

उपवास सोडून सकाळच्या बसने गेलो. आशाने दार उघडले. जावईबापू नुकतेच झोपेतून उठले होते.

"कालचे फोटो आणलेत?" एवढेच आशाने विचारले.

पत्ती दिली. मी खुर्चीवर बसलो. ती माझ्याकडे पाठ करून संगणक सुरू करू लागली. मेजावर पाण्याचा पेला नव्हता. आठ वर्षांत प्रथमच तिने तो ठेवला नाही. मी थोडा वेळ वाट पाहिली. मागण्याचा प्रसंग पूर्वी कधी आला नव्हता व शब्द जुळविणे भाग होते.

"आशा, प्यावयास पाणी दे."

ती वळली नाही. "तांब्या बसमध्ये विसरलात का? धनराज, खालच्या दुकानातून अण्णांना बाटली आणून द्या."

जावईबापू चपला शोधू लागले.

मी म्हणालो, "बाटली नको. घरचे दे."

जावईबापूंची एक चप्पल पायात होती व एक हातात. ते तसेच उभे राहिले. आशा पडद्याकडे पाहत होती. चित्रे एकावर एक चढत होती व खालची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने पुढे सरकत होती. ती म्हणाली, "अण्णा, नियमाचं काय?"

"नियमाची मुदत संपली."

"कुणी संपवली?"

"जो तो पाळीत होता त्याने."

ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि माठातून पेला भरून आणला. मी वरून पितो. ओठ लावीत नाही. परंतु नेम चुकला व अर्धे पाणी सदऱ्यावर सांडले. पाणी गार होते. जावईबापू एकदम म्हणाले, "मामा, चहा?" मी म्हणालो, ठेवा. ते म्हणाले, "पोहे?" मी म्हणालो, चालतील. तेवढ्यात आशाच म्हणाली, "तुम्ही सरका, तुम्हाला मीठ कळत नाही," व आत गेली.

जावईबापूंनी माझ्या हातात माउस दिला व सांगितले, ही रेघ वर ओढा, हळूहळू. मी कालव्याचे दार उचलतात तशी बेताने ओढली. काळ्या अंधारातून प्रथम राखाडी धूसरपणा आला, मग तांबूस कडा, मग पंख पसरलेल्या पाखरासारखे ते सारे वर आले. पाखराच्या छातीत चार बारीक तारे होते. माझ्या डोक्यावर हे जन्मभर होते आणि मी त्याला ठिपका म्हणत होतो.

"आशा, बाहेर ये. निघाले," मी हाक मारली.

ती पोह्यांच्या ताटल्या घेऊन आली. चित्र पाहिले. तिचे डोळे लाल झाले होते व नाकही. मी पाहत आहे हे तिच्या लक्षात आले.

"कांदा फार तिखट निघाला," ती म्हणाली.

मी पोहे खाल्ले. पुन्हा मागून घेतले. पोह्यांत कांदा नव्हता. मी तसे म्हणालो नाही.